कुर्त लेविन : कॉफीच्या टेबलावरचे विद्यापीठ

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन विद्यापीठातील प्राध्यापक म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच होते. तो व्यासपीठावरून बोलत असे, समोर बसलेले विद्यार्थी लिहून घेत असत आणि तास संपला की उभयतांचा संबंधही संपत असे. बर्लिन विद्यापीठात कार्ल श्टुम्फ यांच्या मानसशास्त्र संस्थेत कुर्त लेविन हे तरुण विद्यार्थी डॉक्टरेटसाठी काम करू इच्छीत होते. त्यांनी आपला विषय एका साहाय्यकाला सांगितला. साहाय्यक तो घेऊन आतल्या खोलीत प्राध्यापकांकडे गेला आणि लेविन बाहेर थांबले. काही वेळाने साहाय्यक संमती घेऊन परतला. त्यानंतर अंतिम परीक्षेपर्यंतच्या सुमारे चार वर्षांत त्या प्रबंधाविषयी गुरू आणि शिष्य यांच्यात एकदाही बोलणे झाले नाही. यात श्टुम्फ यांचा वेगळा असा दोष नव्हता. ते थोर विद्वान होते आणि विद्यार्थ्याला त्याच्या वाटेने जाऊ देणे ही तेथील रूढ रीत होती. परंतु स्वतः अध्यापक झाल्यावर लेविन यांनी जे केले ते या रीतीच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते. त्यांचे शिकवणे म्हणजे अखंड बोलणे होते, आणि ते एकट्याचे नव्हे.

विद्यापीठांच्या भल्यामोठ्या वर्गांत आज अध्यापक मध्येच थांबतात, विद्यार्थ्यांना पाच-सहा जणांच्या गटांत बोलायला लावतात, उत्तर ठरवायला लावतात आणि मग पुढे जातात. या पद्धतीमागे अनेकांचे श्रम आहेत. मात्र चार माणसे एकत्र बसून बोलली की त्यांच्यात नेमके काय घडते, हा प्रश्न प्रयोगाच्या कसोटीवर ज्यांनी आणला त्यांत लेविन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ‘ग्रूप डायनॅमिक्स’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो त्यांच्यामुळेच.

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० रोजी मोगिल्नो या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या पोझेन प्रांतात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. वडिलांचे किराणा व किरकोळ वस्तूंचे छोटे दुकान आणि थोडी शेती होती. चार भावंडांत कुर्त दुसरे. ज्यू कुटुंबाला त्या प्रांतात पदोपदी कमीपणा सोसावा लागे आणि त्याविषयी फारसे बोललेही जात नसे. १९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. शाळेत आरंभी साधारण वाटलेला हा मुलगा ग्रीक तत्त्वज्ञानाची गोडी लागल्यावर खुलला. १९०९ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी त्यांनी फ्रायबर्ग गाठले, तेथून म्युनिक, आणि मग बर्लिन. वैद्यक मागे पडले, मानसशास्त्र व विज्ञानाचे तत्त्वज्ञान पुढे आले. विद्यार्थिदशेतच त्यांनी समविचारी मित्रांबरोबर कामगार स्त्री-पुरुषांसाठी प्रौढशिक्षणाचे वर्ग चालविले होते. दिवसभर राबून आलेल्या प्रौढ माणसाला केवळ ऐकवून शिकविता येत नाही, याचा पडताळा कोणत्याही अध्यापकाला अशाच ठिकाणी प्रथम येतो.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि लेविन सैन्यात दाखल झाले. साधा शिपाई म्हणून गेलेले ते अधिकारी होऊन परतले. युद्धात ते जखमी झाले. त्यांचा धाकटा भाऊ फ्रित्स मात्र मारला गेला. युद्धकाळातच, १९१७ मध्ये, त्यांनी रणभूमीच्या दृश्यावर एक लेख लिहिला. शांततेच्या काळात चहूबाजूंना सारखे पसरलेले वाटणारे शेत-शिवार आघाडीजवळ येताच कसे दिशा धारण करते, पुढे आणि मागे असे त्याचे भाग कसे पडतात, ओढा हा ओढा न राहता आडोसा कसा होतो, याचे ते वर्णन आहे. माणूस नकाशातल्या भूमीत जगत नाही, त्याला त्या क्षणी जी जाणवते त्या भूमीत जगतो, हा त्यांच्या पुढच्या सर्व विचाराचा गाभा खंदकात असताना हाती आला होता. पुढे या जाणवणाऱ्या भूमीला त्यांनी ‘लाइफ स्पेस’ म्हटले आणि माणसाचे वर्तन हे व्यक्ती व परिस्थिती या दोहोंच्या मेळातून घडते, असे सूत्र मांडले.

युद्धानंतर ते बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेत परतले. राजेशाही कोसळली होती आणि संस्था कैसरच्या रिकाम्या राजवाड्यातील दालनांत भरत होती. संचालक होते वोल्फगांग कोहलर. माक्स वेर्टहायमर यांचाही वावर तेथेच. गेश्टाल्ट मानसशास्त्राचे ते वैभवाचे दिवस होते. लेविन यांना १९२१ मध्ये प्रिवाट्डोत्सेंट म्हणून शिकविण्याचा अधिकार मिळाला. या पदाला नियमित वेतन नसे; व्याख्यानाला जितके विद्यार्थी नाव नोंदवतील त्यावर प्राप्ती अवलंबून. ज्यू असल्यामुळे कायमच्या सरकारी प्राध्यापकपदाची आशा धरणेही कठीणच होते. तरीही त्यांच्या व्याख्यानांना गर्दी होई. ते लिहून आणलेले वाचून दाखवीत नसत. फळ्यावर अंडाकृती काढीत, तिच्यात रेषा व बाण भरीत. बोलता बोलता नवी कल्पना सुचली की थांबत आणि विद्यार्थ्यांच्या देखत तिचा माग काढू लागत. त्या अंडाकृतींची विद्यार्थी थट्टाही करीत.

खरा वर्ग मात्र व्याख्यानानंतर भरे. संस्थेच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक स्वीडिश कॅफे होता. लेविन आणि त्यांच्याकडे संशोधन करणारे सात-आठ विद्यार्थी तेथे तासन्‌तास बसत. या बैठकीला त्यांनीच ‘क्वासेलश्ट्रिपं’ असे थट्टेचे नाव दिले होते. बोलभांड माणसाला जर्मनीत हा शब्द लावतात. कॉफी, केक आणि वाद. कोण बोलतो याला महत्त्व नसे, काय बोलतो याला असे. या मंडळींत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती आणि त्यांतील अनेक जणी पूर्वेकडून, रशियन साम्राज्याच्या प्रदेशांतून आलेल्या होत्या: तमारा डेम्बो, मारिया ओव्हसियांकिना, ब्ल्युमा झायगार्निक. त्या काळच्या विद्यापीठात परदेशी, तरुण आणि त्यात स्त्री, अशा विद्यार्थिनीचे म्हणणे प्राध्यापक बरोबरीच्या नात्याने ऐकून घेतो, ही गोष्ट किती दुर्मीळ होती हे वेगळे सांगायला नको. या टेबलावरून उठलेल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध एकामागून एक प्रसिद्ध होत गेले आणि त्यांतील बरेच आजही संदर्भासाठी उघडले जातात.

त्यांपैकी झायगार्निक यांच्या प्रबंधाची जन्मकथा अशी सांगितली जाते. कॅफेतील वेटर कोणी काय घेतले हे कागदावर न लिहिता अचूक लक्षात ठेवीत असे. बिल चुकते झाल्यावर थोड्या वेळाने लेविन यांनी त्याला पुन्हा हिशेब विचारला, तर त्याला काही आठवेना. पैसे मिळेपर्यंतच ते लक्षात ठेवण्याचे प्रयोजन होते! १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झायगार्निक यांच्या प्रयोगात लोकांना छोटी छोटी कामे देण्यात आली आणि त्यांतील निम्मी मध्येच थांबविण्यात आली. नंतर आठवायला सांगितल्यावर अर्धवट राहिलेली कामे पुरी झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट आठवली. इतरांनी पुढे केलेल्या प्रयोगांत स्मरणाचा हा फरक नेहमी आढळला नाही, हे नमूद केले पाहिजे. ओव्हसियांकिना यांनी दाखविलेली गोष्ट, म्हणजे मोडलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ, ही अधिक टिकून राहिली. अपुऱ्या कामाचा ताण मनाला त्याकडे खेचतो, हा लेविन यांचा मूळ विचार त्यातून उभा राहिला. उत्तर हाती देऊन टाकण्यापेक्षा प्रश्न अर्धा सोडून विद्यार्थ्याला विचारात पाडणाऱ्या अध्यापकाला यातले मर्म सांगावे लागत नाही.

१९२९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली. लेविन जर्मनमध्ये बोलले. श्रोत्यांतील अनेकांना ती भाषा येत नव्हती. पण त्यांनी एक चित्रफीत बरोबर नेली होती. दीड वर्षाची मुलगी एका दगडावर बसू पाहते. बसण्यासाठी दगडाकडे पाठ करावी लागते, आणि पाठ केली की हवा असलेला दगड दिसेनासा होतो. ती त्याभोवती फेऱ्या घालत राहते. भाषेवाचूनही सभागृहाला मुद्दा कळला आणि लेविन यांचे नाव अमेरिकेत झाले.

१९३२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलाविले. परतताना ते जपान आणि सोव्हिएत रशियामार्गे निघाले. हा प्रवास चालू असतानाच, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. एप्रिलमध्ये ज्यू अध्यापकांना काढून टाकण्याचा कायदा आला. महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यातून तूर्त सवलत होती आणि लेविन त्या सवलतीत बसत होते. पण ज्या विद्यापीठात आपल्या मुलांना शिकता येणार नाही तेथे आपण शिकवायचे कशाला, या विचाराने त्यांनी देश सोडण्याचे ठरविले. मित्र कोहलर यांना उद्देशून त्यांनी एक दीर्घ पत्र लिहिले. ज्यू माणसाच्या वाट्याला बालपणापासून काय येते, याविषयी इतके मोकळेपणाने त्यांनी क्वचितच लिहिले असेल. ऑगस्ट १९३३ मध्ये पत्नी गेरट्रूड आणि दोन लहान मुलांसह ते जर्मनीबाहेर पडले. आई मागे राहिली.

अमेरिकेत नामांकित विद्वानाला मानाची जागा मिळाली असेल असे वाटणे साहजिक आहे. मिळाली ती कॉर्नेल विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागात, निर्वासित विद्वानांसाठी उभारलेल्या निधीतून, दोन वर्षांपुरती. तेथे त्यांनी लहान मुलांच्या खाण्याच्या सवयींवर काम केले. काळात जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मानसशास्त्र संस्था उभारण्याची त्यांची योजना होती. ती निधीअभावी बारगळली. १९३५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात ते रुजू झाले. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकी मानसशास्त्रात तेव्हा उंदीर आणि चक्रव्यूह यांचे राज्य होते. लेविन नऊ वर्षे आयोवात राहिले. त्यांचे इंग्रजी अखेरपर्यंत जर्मन वळणाचे राहिले आणि आडनावाचा उच्चारही अमेरिकी जिभेवर ‘लुइन’ असा होऊन बसला. ‘क्वासेलश्ट्रिपं’ मात्र त्यांच्याबरोबर आली. आयोवा सिटीतील एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी दुपारी डबे घेऊन मंडळी जमू लागली. विद्यार्थ्यांनी तिला नाव दिले ‘हॉट एअर क्लब’, म्हणजे वाफांचे मंडळ.

याच मंडळातील रॉनल्ड लिपिट हा विद्यार्थी मुलांच्या गटांवर प्रयोग करू इच्छीत होता. १९३८ च्या सुमारास त्याने व लेविन यांनी, आणि नंतर राल्फ व्हाइट यांनीही, दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळे तयार केली. मुखवटे बनविणे व तत्सम हस्तकला हे काम. काही मंडळांत प्रौढ नेता प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवी आणि हुकूम सोडी. काहींत तो मुलांशी चर्चा करून निर्णय त्यांच्यावर सोपवी व मदतीला उभा राही. हुकूमशाही गटांत काही मुले दबून गेली, काहींत आपसांतील भांडणे वाढली, आणि नेता खोलीबाहेर पडताच काम थंडावले. चर्चेने चालणाऱ्या गटांत नेता असो वा नसो, काम चालू राहिले. हे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीहून आलेल्या माणसाने त्या वर्षी हा प्रयोग मांडावा, यातला अर्थ अमेरिकी वाचकांच्या ध्यानात येणारच होता.

या प्रयोगाचा तिसरा भाग मात्र योजलेला नव्हता. व्हाइट यांनी लोकशाही नेत्याची भूमिका करताना मुलांना इतके मोकळे सोडले की त्यांना कसलीच दिशा उरली नाही. ते पाहताना लेविन यांच्या लक्षात आले की ही लोकशाही नव्हे, ही वेगळीच चीज आहे. मग तिलाही प्रयोगात स्वतंत्र स्थान मिळाले. त्या गटांत काम सर्वांत कमी झाले आणि मुले कंटाळली. गटचर्चेच्या नावाखाली विद्यार्थ्यांना घोळके करून बसविणारे आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत उभे राहणारे अध्यापक आजही कमी नाहीत. त्यांच्या वर्गात चर्चा फसते तेव्हा दोष चर्चेला दिला जातो. प्रयोगाने वेगळेच दाखविले होते: चर्चेच्या वर्गात अध्यापकाचे काम घटत नाही, त्याचे स्वरूप बदलते.

दुसऱ्या महायुद्धाने लेविन यांच्या पुढ्यात एक चमत्कारिक व्यवहारी प्रश्न आणून ठेवला. चांगले मांस सैन्याकडे जात होते आणि घरोघरी मांसाचे रेशनिंग होऊ घातले होते. जनावरांचे हृदय, गुर्दे आणि ग्रंथी हे भाग पौष्टिक होते, स्वस्त होते. पण मध्यमवर्गीय अमेरिकी गृहिणी त्यांना हात लावायला तयार नव्हती. नॅशनल रिसर्च कौन्सिलने आहारसवयींवर एक समिती नेमली होती आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या कार्यवाह होत्या. लेविन व त्यांचे सहकारी अॅलेक्स बाव्हेलस यांनी रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. प्रत्येक गटात १३ ते १७ स्त्रिया. तीन गटांना उत्तम व्याख्याने देण्यात आली. युद्धकार्याशी असलेला संबंध, जीवनसत्त्वे, खनिजे, खर्चातील बचत हे सारे तक्त्यांसह समजावले, पाककृती छापून हाती दिल्या. उरलेल्या तीन गटांत तेवढ्याच वेळात थोडी प्रस्तावना करून प्रश्नच त्यांच्यापुढे ठेवला गेला: आपल्यासारख्या गृहिणींना हे पदार्थ करण्यात अडचण काय येते? नवऱ्याला आवडत नाही, शिजवताना वास येतो, अशी उत्तरे त्यांच्याच तोंडून निघाली आणि तोडगेही त्यांनीच शोधले. शेवटी, येत्या आठवड्यात हे करून पाहायला कोण तयार आहे, असे विचारून हात वर करायला सांगितले.

नंतर घरी जाऊन चौकशी करण्यात आली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला असा एखादा पदार्थ वाढला होता. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के. व्याख्यान वाईट नव्हते. ऐकणाऱ्यांना ते आवडलेही होते. पण ऐकणारी प्रत्येक स्त्री एकेकटी ऐकत होती आणि एकटीने घरची रीत मोडायला ती तयार नव्हती. चर्चेत तिला दिसले की तिच्यासारख्याच इतर जणी हात वर करीत आहेत. माणूस आपल्या गटाच्या रीतीला चिकटून असतो. ती रीत गटातच सैल झाली तर तो सहज हलतो, हे लेविन यांचे स्पष्टीकरण होते. सवय बदलण्यासाठी आधी ती वितळावी लागते, मग सरकते आणि नव्या जागी पुन्हा गोठते, ही त्यांची सुपरिचित प्रतिमा याच कामातून आली.

आयोवातील एका रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातांवरचा प्रयोग तर अधिकच बोलका आहे. बाळाला कॉडलिव्हर ऑइल व संत्र्याचा रस द्यावा, हे काही मातांना आहारतज्ज्ञाने वीस-पंचवीस मिनिटे एकेकटीला समजावले. काहींना सहा-सहा जणींच्या गटांत तेवढ्याच वेळात चर्चा करून ठरवू दिले. गटातील मातेच्या वाट्याला तज्ज्ञाचे लक्ष सहाव्या हिश्श्यानेच आले असणार. तरीही घरी गेल्यावर सल्ला पाळण्यात गटातील माता पुढे होत्या. एकाला एक शिकविणे हेच सर्वोत्तम आणि गर्दी वाढली की नाइलाजाने व्याख्यान, ही शिक्षणातील जुनी समजूत येथे उलटीपालटी होते. शंभराच्या वर्गातील अध्यापकाकडे प्रत्येकासाठी वीस मिनिटे कधीच नसतात. सहा-सहांचे गट करण्याइतपत जागा मात्र बहुतेक वेळा असते.

लेविन यांच्या प्रयोगात एक फट होती आणि ती त्यांच्याच परंपरेतील संशोधकांनी दाखविली. चर्चेच्या गटांना बोलायला मिळाले होतेच, शिवाय निर्णय घ्यायला लावले होते आणि इतरांचे हातही दिसले होते. यांतले नेमके प्रभावी काय? १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी मिशिगन विद्यापीठातील प्राथमिक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर या गोष्टी सुट्या करून पाहिल्या. नुसती चर्चा व्याख्यानापेक्षा सरस ठरली नाही. परिणाम होता तो निर्णय घेण्याचा, आणि बरोबरचेही तसेच ठरवीत आहेत या जाणिवेचा. गटचर्चेच्या उत्साही पुरस्कर्त्यांना हा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. खरे तर तो पद्धतीला अधिक नेमके करतो. ज्या चर्चेच्या शेवटी काही ठरवायचे नसते ती गप्पांच्या पातळीवर राहते.

युद्धाच्या या वर्षांत लेविन यांचे व्यक्तिगत आयुष्य काय होते? मागे राहिलेल्या आईला बाहेर काढण्यासाठी त्यांनी केलेल्या सर्व खटपटी निष्फळ ठरल्या. ती नाझींच्या मृत्युछावणीत मारली गेली. १९४० मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि युद्धकार्यासाठी सतत प्रवास करीत होते. पूर्वग्रह, अल्पसंख्याकांचा स्वतःविषयीचा तिरस्कार, शेजारपाजारातील वैर हे विषय त्यांच्या लेखनात याच काळात वाढत गेले. १९४६ मध्ये त्यांनी ‘अॅक्शन रिसर्च’ची कल्पना मांडली ती अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील निबंधात. समाजाचा अभ्यास बाहेर उभे राहून करायचा नाही. बदल घडवू पाहायचा, काय होते ते मोजायचे आणि पुढचे पाऊल त्यावरून टाकायचे. अमेरिकन ज्यूइश काँग्रेससाठी त्यांनी सामाजिक संबंधांचा आयोग उभारला, आणि १९४५ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, अभियंत्यांच्या त्या माहेरघरात, ग्रूप डायनॅमिक्सचे संशोधन केंद्र सुरू केले. डॉर्विन कार्टराइट, लिओन फेस्टिंगर, लिपिट हे सहकारी. मॉर्टन डॉइच, हॅरल्ड केली, स्टॅन्ली शॅक्टर हे विद्यार्थी. पुढच्या पिढीचे अमेरिकी सामाजिक मानसशास्त्र बऱ्याच अंशी या एका खोलीत बसले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्याच्या आंतरवांशिक आयोगाने न्यू ब्रिटन येथील अध्यापक महाविद्यालयात एक कार्यशाळा घेतली. शिक्षक, समाजसेवक आदींना वांशिक तेढ कमी करण्याचे काम शिकवायचे होते. दिवसा गटचर्चा होत, प्रत्येक गटात एक निरीक्षक टिपणे घेई आणि रात्री प्रशिक्षक व निरीक्षक मिळून दिवसाचा आढावा घेत. एका रात्री काही प्रशिक्षणार्थींनी आत बसण्याची परवानगी मागितली. आपल्याविषयीच चाललेली चर्चा त्यांनी ऐकावी हे काही सहकाऱ्यांना धोक्याचे वाटले. लेविन यांनी होकार दिला. निरीक्षकाने एका बाईंच्या सकाळच्या वागण्याचे वर्णन केले आणि त्या उठून म्हणाल्या की तसे मुळीच घडले नव्हते. वाद पेटला. लेविन यांना त्यात अडचण न दिसता सामग्री दिसली. दुसऱ्या रात्री आणखी लोक आले आणि लवकरच दिवसाच्या सत्रांपेक्षा या रात्रीच्या बैठकीच अधिक शिकवणाऱ्या ठरल्या. स्वतःच्या गटात आत्ता काय घडले हेच अभ्यासाचे साहित्य करायचे, ही ‘टी-ग्रूप’ची कल्पना येथे जन्मली. हल्ली कार्यालयांपासून शाळांपर्यंत सर्रास वापरला जाणारा ‘फीडबॅक’ हा शब्द माणसांच्या व्यवहारात आणण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. मूळचा तो विजेच्या मंडलांचा आणि यंत्रनियंत्रणाचा.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मेन राज्यातील बेथेल या गावी मोठी कार्यशाळा योजली गेली. लेविन यांच्यावर कामाचा बोजा असह्य झाला होता: केंद्र, आयोग, प्रवास, लेखन. फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूटनव्हिल येथील घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. बेथेलची कार्यशाळा ठरल्याप्रमाणे झाली. १९४८ मध्ये संशोधन केंद्र मिशिगन विद्यापीठात हलविण्यात आले.

त्याच वर्षी मॉर्टन डॉइच यांचा प्रबंध पुरा झाला. लेविन यांच्या हाताखाली सुरू झालेल्या या कामाची प्रयोगशाळा होती महाविद्यालयीन वर्ग. प्राथमिक मानसशास्त्र शिकणाऱ्यांचे पाच-पाच जणांचे गट पाडले. काही गटांत गुण गटाच्या एकत्रित कामावर मिळणार होते. काहींत त्याच पाच जणांची आपसांत क्रमवारी लागणार होती. काही आठवडे दोन्ही प्रकारच्या गटांनी सारख्याच प्रश्नांवर चर्चा केली. एकत्रित गुणांच्या गटांत मुले एकमेकांचे म्हणणे अधिक ऐकत, कामाची वाटणी करीत, मैत्रीने वागत. क्रमवारीच्या गटांत प्रत्येक जण स्वतःचे घोडे पुढे दामटीत असे. चर्चा तीच, विषय तोच. गुण देण्याची रीत बदलली की चर्चेचा स्वभाव बदलला. परीक्षापद्धतीला हात न लावता चर्चापद्धती आणू पाहणाऱ्या विद्यापीठांची गाडी नेमकी येथेच अडते.

डॉइच पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी डेव्हिड जॉन्सन यांनी बंधू रॉजर जॉन्सन यांच्यासह मिनेसोटा विद्यापीठात सहकारी अध्ययनाचे केंद्र उभारले, आणि १९९१ मध्ये या दोघांनी कार्ल स्मिथ यांच्याबरोबर महाविद्यालयीन वर्गातील सक्रिय अध्ययनावर पुस्तक प्रसिद्ध केले. भल्यामोठ्या वर्गातही गट कसे पाडावेत, किती मिनिटे द्यावीत, प्रत्येकाला जबाबदार कसे धरावे, याची त्यात सविस्तर मांडणी आहे. योगायोगाने त्याच वर्षी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी आपल्या मोठ्या वर्गात नवी रीत सुरू केली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि शेवटी पुन्हा उत्तर द्यायचे. मॅझुर त्या रीतीकडे स्वतःच्या वर्गातील अनुभवातून आले, लेविन यांच्या ग्रंथांतून नव्हे. परंतु तिच्यातील पायऱ्या पाहिल्या की आयोवातील त्या गृहिणी, त्यांच्या अडचणी आणि शेवटी वर झालेले हात आठवल्याशिवाय राहत नाहीत.